मेंदीचे दोन रंग

आई, काल तुझी शपथ मोडली. लग्नाआधी चामराजपेटच्या आपल्या स्वयंपाकघरात मला पाटावर बसवून तू घातलेली, "माझ्या डागांचं सासरी कुणाकडे बोलायचं नाही." तू गेल्यावरही पाळली होती. आता हलकं वाटायला हवं, पण कालपासून जिवाला चैन नाही. पोळी करपली, दूध उतू गेलं, उगाच सगळ्यांवर खेकसतेय.

झालं असं, की तू न पाहिलेली तुझी नात आता सात वर्षांची आहे. तिच्या उजव्या डोळ्याजवळ पांढरा डाग आला आणि बघता बघता अर्धी भुवई पांढरी झाली. काल डॉक्टरांकडे नेली, सासूबाईही आल्या. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला कोड आहे का? सासूबाई शेजारीच बसलेल्या. पण पोरीचं औषधपाणी खोट्यावर कसं चालवायचं? सांगून टाकलं, "माझ्या आईला होतं. चाळिशीनंतर सुरू झालं, दोन्ही हातांवर." डॉक्टर म्हणाले, मोठेपणी येतं ते बहुतेक असंच, दोन्ही बाजूंना, वर्षानुवर्षं थांबत थांबत पसरतं. लहान मुलांत कधी कधी एकाच बाजूला येतं, भराभर वाढतं, केस पांढरे करतं आणि मग बऱ्याचदा तिथंच थांबतं. हिचं तसं दिसतंय. आणि खाण्यापिण्याचा काही संबंध नाही म्हणे! तू दही सोडलंस, लिंबू सोडलंस, स्वतः घातलेल्या लोणच्याकडे नुसती बघत जेवायचीस. असा राग आला ना मला.

परतताना रिक्षात सासूबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं. मी मनात म्हटलं, आता काय ऐकावं लागतंय कुणास ठाऊक. इंदिरानगरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मला लग्नातच कळलं होतं की गं."

"कसं?"

"तुझ्या आईनं कोपरापर्यंत मेंदी लावलेली. बाकी हातावर तपकिरी आणि डागांवर लखलखीत केशरी. ओटी भरताना त्यांनी पदर पुढं केला, तेव्हा दिसलंच की."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मुलगी आवडली होती. आणि त्या इतकं जिवापाड झाकत होत्या, म्हटलं राहू दे."

ऐकलंस? ज्यांच्यापासून लपवायला तू माझ्या घरी कधी जेवायला आली नाहीस, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एका बसचा रस्ता होता गं. दर वेळी तुझा गुडघा तरी दुखायचा, नाहीतर घरी पाहुणे तरी यायचे. मी ताट वाढून वाट बघायचे. वास्तुशांतीलाही आली नाहीस. माझ्या शेजारच्या पानावर बसून चार घास खाल्ले असतेस तर काय बिघडलं असतं? कडकडून भांडायचंय तुझ्याशी, आणि तू नाहीस.

हे सगळं लिहितेय खरी, पण आज सकाळी तुझ्या नातीच्या शाळेत वर्गाचा फोटो होता. पोरगी बिनधास्त वेणी घालून तयार होती. मी तिला खिडकीशी धरली आणि पेन्सिलीनं तिची पांढरी भुवई काळी केली. ती म्हणाली, "का गं आई?" मी म्हटलं, "हलू नकोस."