देवाच्या डोक्यावरचा माळा

३ जून, मंगळ.
एफ आलं! नापास. माझाच निकाल लागल्यासारखी चिडचिड होतेय.

इंग्लंडातलं आमचं घर भाड्याने द्यायचं तर ऊर्जेचं सर्टिफिकेट लागतं. घर ऊब किती धरतं, वीज किती खातं, त्यावर ए ते जी. ई-च्या खाली गेलं की घर भाड्याने देता येत नाही, कायदाच आहे. जुन्याची मुदत संपली म्हणून घर तपासणारा असेसर पाठवला, तर त्याने एफ ठोकून दिला.

मुग्धाला काय सांगू? माझ्या मावसबहिणीची लेक, आठवा महिना लागलाय, नवऱ्याबरोबर तिथेच एका खोलीत राहते. मालकिणीने बजावलंय, बाळ चालणार नाही, महिनाअखेरीला खोली सोडा. पोरीने दुसरीकडे घर बघितलंच नाही. मीच म्हणाले होते, बघू नकोस, आपलं घर आहे ना.

५ जून, गुरु.
इथे हार्बरफ्रंटच्या ऑफिसात सकाळभर जहाजांचे कागद, लंचला घराचे. रिपोर्ट वाचला. ‘माळ्यावर जाता आलं नाही, सबब माळ्यावर ऊब धरणारं अस्तर नाही असं धरलं आहे.’ धरलं म्हणे! लोकरीसारखं जाड अस्तर घालून घेतलंय आम्ही, हौसेने.

नवऱ्याला, सुहासला, फोन केला. म्हणाला, “जाता का नाही आलं? शिडी नव्हती का?”
म्हटलं, माळ्याचं छतातलं दार स्क्रूने बंद आहे आणि वरून रंग फासलाय, असं लिहिलंय.
हळूच म्हणाला, “आईला विचार.”

घरी येऊन सासूबाईंना विचारलं. गवार मोडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “मीच बंद करायला लावलं. दाराच्या खाली देव्हारा होता. ते अस्तरवाले बूट घालून वर धबाधबा नाचत होते. देवाच्या डोक्यावर पाय म्हणजे काय!”

आमची लेक सानिका इथल्या ढंगात म्हणाली, “आजी, गॉड वोन्ट माइंड लाह.” आजींना ऐकूच आलं नाही.

६ जून
घर भाड्याने देणाऱ्या एजंटबाईचं उत्तर: अस्तराचं बिल दाखवलंत तर विचार करू. बिल कुठलं आणू? इंग्लंडातून इकडे येताना कंटेनरमधून लोणच्याच्या बरण्या आणल्या जपून. बिल नाही.

८ जून, रवि.
असेसर पुन्हा येणार, १३ला. पुन्हा फी, ती वेगळीच. मु.च्या नवऱ्याकडे किल्ली दिलीय, तो दार उघडून ठेवील. आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं, देव आपल्याबरोबर इथे आलेत, तिकडचा देव्हारा रिकामा आहे, आता काय हरकत? गप्प बसल्या. म्हणजे हो असं मी धरलं. मीही धरायला लागले आता.

१३ जून, शुक्र.
कपाळ माझं! असेसर आल्या पावली परत गेला. एजंटबाईचं पत्र: ‘घरातल्या व्यक्तींनी परवानगी दिली नाही.’

मु.ला फोन.
“मावशी, काल गुरुवार होता ना, चांगला दिवस. म्हटलं आधी तुमच्या घरी देव नेऊन ठेवू, मग सामान नेऊ. एवढा छान देव्हारा आयता होता. आणि हा माणूस बुटांसकट बरोब्बर त्यांच्या डोक्यावर चढायला निघाला. मी नाही म्हटलं.”
“अगं बाई, तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं!”
रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मागून आईंचा आवाज, “शहाणी आहे हो पोरगी.”
भांडी आपटली. सगळी.

१४ जून
स्पष्ट बोलले आज. म्हटलं, “आई, देवाला छप्पर आहे. त्या पोरीला नाही. पंधरा दिवसांनी ती पोट घेऊन कुठे जाणार, सांगा.” सुहासला एकदम काहीतरी आठवलं आणि तो सेरंगूनच्या मॉलमध्ये निघून गेला. घाबरट.

आई दुपारभर खोलीत. चहाला बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मुग्धाला फोन लाव.
“मुग्धे, देवांना सांग, घडीभर बाजूला बसा. ताम्हनात तांदूळ घे, देव त्यात ठेव, ताम्हन मांडीवर घे आणि स्वयंपाकघरात बस. काम झालं की जागेवर ठेव.”
“चालतं का आजी असं?”
“चालतं. मी सांगतेय ना.”

चालतं! मग तेव्हा का नाही चाललं? विचारलं नाही. चहा ओतला.

१९ जून, गुरु.
आज असेसर पुन्हा. इकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. लवकर घरी आले. व्हिडिओ लावून सगळे सोफ्यावर. मु. स्वयंपाकघरात, पोटापुढे उरलेल्या मांडीवर ताम्हन. तिच्या नवऱ्याने फोन शिडीसमोर टेकवला, शिडीवर चढून स्क्रू काढले, रंग खरवडला, दार उघडलं. पांढरी धूळ भसकन त्याच्या डोक्यावर. आईंनी हात जोडले.

असेसर चढला. मी म्हटलं, “बघाच, आता ई काय, डीसुद्धा येईल.”
सुहास म्हणाला, “अस्तर असलं तर.”
“म्हणजे?”
“अस्तर घातलं त्या दिवशी मी ऑफिसात होतो. घरी आलो तर आई म्हणाली, आधी ते दार बंद कर. केलं. वर कोण बघायला गेलं?”

इतकी वर्षं हा माणूस छातीठोकपणे सांगतोय, अस्तर आहे!

“आई, त्या लोकांनी वर काही नेलं होतं ना? गाद्यांच्या वळकट्यांसारखं?”
“नेलं होतं की. गुलाबी.”
“सगळं नेलं?”
आई पदराशी चाळा करत बसल्या. “मी ओरडले ना, तसे ते उतरले. काही वर होतं, काही जिन्यात. जिन्यातलं उचलून घेऊन गेले.”

पडद्यावर असेसरचे नुसते बूट, शिडीच्या वरच्या पायरीवर. वर टॉर्च इकडून तिकडे फिरतोय.

स्वयंपाकघरातून मु.ची हाक, “मावशी, झालं का? पायाला मुंग्या आल्यात. देव ठेवू का जागेवर?”

म्हटलं, “थांब गं जरा. तो अजून खाली आला नाहीये.”