लोड लावल्यावर चार

सोम. १० ऑगस्ट
लासलगावहून चाळीस कार्डं परत. कांदाचाळीतले पंखे सुरूच होत नाहीत. कांदा सडतोय, पार्टी फोनवर अर्धा तास तेच. शेठचं एकच, "सोल्डरिंग कच्चं." शोभाताईंना लाइनवरून उठवून पॅकिंगला बसवलं. बारा वर्षं सोल्डर करतेय बाई. मी एक कार्ड तपासायला टेबलावर घेतलं. गुडघाही धरलाय.

मंगळ. ११
कार्डाला १२ चे निम्मे करणाऱ्या डिव्हायडरच्या पट्टीवरून ६ व्होल्ट हवेत. ४ येतात. कार्ड काढलं की लगेच ६. सोल्डर चकाचक आहे. मग?

बुध. १२
सापडलं. चूक माझ्याच डिझाइनची.
पट्टीवर दोन रेझिस्टर, वर १० के ओहम, खाली १० के, १२ चे निम्मे ६. पण कार्डही १० के, ते खालच्याला पॅरलल. खाली उरले ५ के. १२ × ५ ÷ १५ = ४. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित.
हा माल सुरू झाला त्या दिवशी पहिलं कार्ड हळदकुंकू लावून देवाच्या फोटोपुढे होतं. नारळ फुटेपर्यंत ते हलवायचं नाही, ही आमच्या लाइनची रीत. शेठ यायचे होते, मला घाई. कार्ड न लावता नुसत्या पट्टीवर मीटर टेकवला. सहा. ठोकली पास म्हणून सही. त्या मीटरचा कसला आलाय लोड, करंट ओढतं ते कार्ड.
१ के - १ के लावले तर ५.७. चालेल. दहा मिनिटांचं काम. सांगायचं कसं...

गुरु. १३
जेवणाच्या सुट्टीत शोभाताई आल्या. हातात परत आलेलं कार्ड.
"सर, समदे जोड तीनदा केले, तरी तेच. माझं कुठं चुकलं तेवढं दाखवा, म्हंजी परत नाय होणार."
म्हटलं, बघतो. बघतो कसलं? लाज वाटली. डबा तसाच घरी आणला. बायको म्हणाली, भाजी खारट होती का?

शुक्र. १४, सकाळी
शेठच्या केबिनबाहेर बसून लिहितोय. गणिताचा कागद खिशात, खाली सही केलेली. इकडे येताना शोभाताईंना दाखवला. आकडे नाही बघितले त्यांनी. "म्हंजी माझा हात चांगला हाय ना?" एवढंच विचारलं आणि खोके चिकटवायला बसल्या.
आत शेठ फोनवर. सोमवारपासून सोल्डरिंगला नवी मुलगी पाठव, म्हणतायत कुणाला तरी.
ठेवला फोन. उठतो.