लायब्ररीतला मंगळवार

आयसेलिन,
न्यू जर्सी,
२५ नोव्हेंबर २००१

ती. विनयकाकांस,
निमिषचा सा. न. वि. वि.

माझं सगळं बदललं ते सतरा तारखेला दुपारी, नरेंद्रकाकांच्या हॉलमध्ये हिमानी हसली तेव्हा. नुसती हसली नाही, फराळाची प्लेट खाली ठेवून, डोळे पुसत हसली. दीड वर्ष त्यांच्या घरी जातोय, पण त्यांच्या या मुलीसमोर मला धड दोन वाक्यं सुचत नाहीत. त्या दुपारी ती माझ्याकडे बघून हसत होती आणि मला तेवढंच दिसत होतं. तिच्या मागे सोफ्यावर आपली काकू बसली होती, ते दिसलं नाही.

मी नाव घेतलं नव्हतं, काका. ऑगस्टमध्ये नोकरी गेलेला एक माणूस रोज टाय बांधतो, डबा घेतो, न्यूयॉर्कची गाडी पकडायला म्हणून प्रिन्स्टन जंक्शनकडे निघतो आणि वाटेत लायब्ररीकडे वळतो. दिवसभर कानाला हेडफोन लावून ऑब्री हेलवुडचे जुने सिनेमे बघतो. डबा कारमध्ये बसून खातो आणि संध्याकाळी घरी येऊन गर्दीच्या नावानं उसासे टाकतो. एवढंच सांगितलं. पण आवाज तुमचा काढला. हेलवुडसारखी एक भुवई वर करून तुम्ही 'माय डिअर फेलो' म्हणता, तेही केलं. मग अनिलकाका मोठ्यानं म्हणाले की हा तर आपला विनयच! त्यावर सगळे अजून हसले, आणि काकूचा चेहरा बघून एकेक जण थांबत गेला. तुम्ही गॅरेजमधून बर्फाची पिशवी घेऊन आलात ते नेमके तेव्हा.

काकू तुम्हाला टाळून कारमध्ये जाऊन बसली, ते मी खिडकीतून पाहिलं. दोन दिवसांनी तुम्ही मिळालं ते कोलंबसचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन निघून गेलात. मी पण तुमच्या घरून निघालो. इथे माझ्या मित्राकडे, सिद्धेशकडे राहतोय, साडीच्या दुकानाच्या वर. कॉलेज जवळ पडतं, असं काकूला सांगितलंय.

कॉलेज! त्या गोष्टीत अजून एक माणूस होता, तो मी गाळला. नऊ ऑक्टोबरचा मंगळवार, सकाळचे अकरा. हेलवुडच्या एकाच कॅसेटवर दोन हात पडले, एक तुमचा, एक माझा. मी आदल्या आठवड्यात प्रोफेसरशी भांडून, वह्या त्याच्या टेबलावर आपटून कॉलेज सोडलं होतं. तुम्ही काही विचारलं नाहीत. मीही नाही. खुर्ची सरकवलीत, दुसरा हेडफोन मागून आणलात आणि दुपारी तुमच्या डब्यातली एक पोळी मला दिलीत. पाच आठवडे रोज. आणि मी तुम्हाला एका हसण्यासाठी विकलं.

तुमच्या मोटेलवर दोनदा फोन केला. तुमचा 'हॅलो' ऐकला आणि ठेवून दिला. ईमेल एका बोटानं उडवता येते. पत्र फाडायला निदान दोन हात तरी लागतात, म्हणून पत्र.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असू द्यावा.

तुमचा
निमिष


कोलंबस, ओहायो,
४ डिसेंबर २००१

चि. निमिष यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. या खोलीत दुसरं वाचायला फक्त मायक्रोवेव्हच्या सूचना आहेत.

मोटेल बरं आहे. शेजारचा ट्रकवाला पहाटे पाचला गातो. ऑफिसात माझ्याहून अठरा वर्षांनी लहान असलेला बॉस मला 'विन' म्हणतो. मी हो म्हणतो. जेवण स्वतः करतो. काल वरणाला फोडणी दिली आणि फायर अलार्म वाजला. चाळीस माणसं पार्किंग लॉटमध्ये थंडीत कुडकुडत उभी, आणि मी त्यांच्यात हिंगाचा वास मारत.

बघ, आपल्यावर हसायला मला अजून जमतं. हेलवुडसाहेबांनी शिकवलं ते. नागपूरला रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमे लागायचे, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. मला इंग्रजी कळत नव्हतं, पण हा माणूस खोलीत शिरला की खोली बरी होते, एवढं कळायचं. सिनेमात तो फार मोठा नट नव्हता, हे माझ्यासारख्या भक्तालाही मान्य आहे. तो खरा मोठा व्हायचा ते नंतर, टीव्हीवर, पायावर पाय टाकून गप्पा मारायला बसला की. चुकीच्या घरी जेवायला गेल्याची त्याची गोष्ट तुला आठवते? अनोळखी कुटुंबाबरोबर सूपपासून पुडिंगपर्यंत जेवला, त्यांना तासभर हसवलं, आणि निघताना यजमानानं फार अदबीनं नाव विचारलं. ती गोष्ट त्याची नव्हती. दुसऱ्याच कुणा नटाबाबतीत घडली होती. साहेब बिनधास्त दुसऱ्यांच्या गोष्टी उचलायचे. पण उचलताना त्यातल्या मूर्खाच्या जागी स्वतः जाऊन बसायचे. म्हणून त्यांच्यावर कुणी रागावलं नाही.

तू उलट केलंस. गोष्ट आपली दोघांची होती, तू स्वतः उठून गेलास आणि मला एकट्याला बसवलंस. भुवई मात्र छान उचललीस म्हणे.

रागावलोय का? पहिले चार दिवस होतो. मग वाटलं, गोष्ट तू रचलेली नाहीस. रचली मी, तू फक्त सांगितलीस. कॉलेजबद्दल तुझ्या बाबांना मी काही बोललेलो नाही, बोलणारही नाही. ते तुझं तू बघ, पण लवकर बघ.

थंडीत टोपी घालत जा. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे.

तुझा
विनयकाका


वेस्ट विंडसर,
१६ डिसेंबर २००१

चि. निमिष,
अ. उ. आ.

सिद्धेश इकडे आला होता, त्याच्याकडून तुझा पत्ता घेतला. सोबत बेसनाचे लाडू पाठवतेय. आठ तुझे, आठ त्याचे. मोजून दे, नाहीतर तू सगळे खाशील.

घर सोडून का गेलास रे? मी तुझ्यावर रागावले असं वाटलं का? वेड्या, माझ्याशी खरं बोललेला तू एकटाच. चेष्टेत का होईना, बोललास. नाहीतर अजून कितीतरी महिने मी रोज सकाळी डबा भरत राहिले असते.

नोकरी गेली याचं मला काही नाही. या गल्लीत सहा घरांत गेली आहे. पण अकरा सप्टेंबरचा मंगळवार मला विसरता येत नाही. टीव्हीवर ते सगळं दिसत होतं आणि विनयचा फोन लागत नव्हता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी स्वयंपाकघराच्या फरशीवर फोन घेऊन बसले होते. सुवर्णा शेजारून आली, तिनं मला पाणी पाजलं. साडेपाचला तो दारात उभा राहिला तेव्हा मी त्याच्या गळ्यात पडून रडले. आणि तो म्हणाला की गाड्या बंद होत्या. तो दोन मैलांवर लायब्ररीत होता, निमिष. हे मला दिवाळीच्या फराळात, लोकांच्या हसण्यात कळलं.

तो जाताना मी एकच अट घातली. यापुढे या घरात एकही खोटं नको, लहानसुद्धा नाही. एक जरी निघालं तरी मी पुण्याला ताईकडे जाईन आणि परत येणार नाही. तो हो म्हणाला. बघू.

तुझी परीक्षा कधी संपते ते कळव. मार्क काय पडतील ते पडोत, तब्येत सांभाळ. तू आहेस म्हणून या घरात कुणीतरी सरळ आहे असं वाटतं.

शनिवारी जेवायला येत जा. काकूला विसरू नकोस.

शोभनाकाकू


आयसेलिन,
२२ डिसेंबर २००१

ती. विनयकाकांस,
सा. न.

काकूचं पत्र आलं. सरळ! मला सरळ म्हणते ती! लाडू मी खाल्ले नाहीत, सोळाच्या सोळा सिद्धेशला दिले. तो म्हणाला, यार, तू आजारी आहेस का?

तुमचाही राग आला, सांगून टाकतो. त्या दिवशी दोन मैलांवर होतात तर चालत घरी का नाही गेलात? मला हेलवुड शिकवता! आणि माझं एवढं झाकून का ठेवता? तुम्हीच सांगून टाका ना काकूला, बाबांना. मी कुठे तोंड दाखवू? मिठाईच्या दुकानात रोज खोके बांधतो. काल हिमानी तिच्या आईबरोबर आली, तर मी मागे मैद्याच्या पोत्यांत जाऊन लपलो.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. नाही, चालणार नाही. द्या.

निमिष


कोलंबस, ओहायो,
२ जानेवारी २००२

चि. निमिष,
आशीर्वाद.

का नाही गेलो ते विचारलंस. अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतो.

त्या दिवशी साडेनऊला लायब्ररीतल्या बाईंनी टीव्ही लावला. मी हेडफोन काढला आणि बघत उभा राहिलो. पहिला विचार आला तो शोभनाचा. दुसरा असा, की आता घरी गेलो तर सांगायचं काय? मी तर न्यूयॉर्कमध्ये असायला हवा. पे-फोनवर नाणं टाकलं आणि काढून घेतलं. मग स्टेशनवर गेलो आणि न्यूयॉर्ककडून गाडी येण्याची वाट बघत बसलो. निमिष, मी चार तास त्या बाकावर बसलो. दुपारी गाडी आली. माणसं उतरली. कुणाचे कपडे धुळीनं पांढरे झाले होते, एक बाई अनवाणी होती. मी त्यांच्यात मिसळलो आणि त्यांच्याबरोबर पार्किंगकडे चालत गेलो. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं की मी ठीक आहे ना. मी हो म्हटलं. तरी लगेच घरी जायचा धीर झाला नाही, कारमध्ये बसून राहिलो.

ही गोष्ट हेलवुडसाहेबांनाही हसून सांगता आली नसती.

आता तुझं. नाताळात शोभनाचा फोन आला. तिनं तुझ्या परीक्षेचं विचारलं. मी म्हटलं, चांगली गेली असावी. सहा आठवड्यांत अट मोडली. खरं बोललो असतो तर तुझी गोष्ट मी सांगितली असती, आणि ती माझी नाही. माझं घर तुझ्या हातात आहे असं म्हणत नाही, तू पोरगा आहेस. पण तू बोलेपर्यंत मी तिच्याशी रोज थोडं थोडं खोटं बोलणार, एवढं नक्की.

लाडू वाया घालवू नयेत. तिनं हातानं वळलेले असतात.

माझा हात तुझ्या पाठीवर आहेच.

विनयकाका


आयसेलिन,
२० जानेवारी २००२

ती. विनयकाकांस,
निमिषचा सा. न. वि. वि.

आधी निरोप. काकूनं सांगितलंय की शुक्रवारी घरी या. ती फोन करणार नाही, मीच कळवायचं असं म्हणाली. परत घ्यायला नाही बोलावत, ऐकायला बोलावतेय. अकरा सप्टेंबरच्या त्या मंगळवारचं सगळं तिला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. मग काय करायचं ते ती ठरवणार. पुण्याचं तिकीट अजून काढलेलं नाही, हेही कळव म्हणाली.

आता घडलं ते. काल नरेंद्रकाकांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी गेलो. तिळगूळ हातात पडायच्या आतच अनिलकाकांनी विचारलं की आज काय ऐकवणार. मी म्हटलं, मागचीच गोष्ट, पण गेल्या वेळी अर्धी राहिली होती. सगळे सरसावून बसले. हिमानी जिन्याच्या पायरीवर बसली. काकू कुंकवाची कोयरी हातात घेऊन उभी होती, तशीच उभी राहिली.

मी कुणाचा आवाज काढला नाही. प्रोफेसरपासून सुरुवात केली. वह्या आपटून तावातावानं निघालो आणि माझी बॅग त्याच्याच केबिनमध्ये राहिली, म्हणून दहा मिनिटांनी दार वाजवून ती मागायला गेलो. त्यानं माझ्या वह्या पण नीट गठ्ठा करून हातात दिल्या. इथे सगळे हसले, काका. खो खो हसले. खरी गोष्ट आहे आणि मी ती सिद्धेशलासुद्धा सांगितली नव्हती. मग लायब्ररी आली, तुमची खुर्ची आली, पोळी आली. हसणं कमी होत गेलं. शेवटी म्हटलं की फराळाच्या दिवशी मी ज्या माणसाची टिंगल केली, त्यानं आजपर्यंत माझं नाव कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही, आणि तिला दिलेला शब्द त्यानं माझ्यापायी मोडलाय. स्टेशनबद्दल मी बोललो नाही. ते तुमचं आहे.

नरेंद्रकाका उगाच चहाचे कप गोळा करू लागले.

काकूनं एवढंच विचारलं की विनयला कधीपासून माहीत होतं. मी म्हटलं, नऊ ऑक्टोबर. तिनं कोयरी टेबलावर ठेवली. मग तिनं भिंतीवरचा फोन काढला, मॉरिसव्हिलचा, आमच्या घरचा नंबर लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. बाबांनी उचलला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, ते सोपं होतं. त्यांनीही तेच विचारलं, विनयला माहीत होतं का. मी हो म्हटलं. आता तुमच्या भावाकडेही तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. एक गाठ सोडवायला गेलो आणि तुमच्या गळ्यात दुसरी बांधली. माफ करा, हे लिहिण्यात काही अर्थ नाही, तरी लिहितो.

फोन ठेवल्यावर काकूनं मला तिळगूळ दिला. गोड बोल असं म्हणाली नाही. तुमच्यासाठी शुक्रवारचा निरोप दिला आणि आत बायकांमध्ये निघून गेली.

मी बुटांच्या ढिगात माझे बूट शोधत होतो तेव्हा हिमानी आली. म्हणाली की तिला त्या दिवशी माहीत असतं तर ती हसली नसती, आणि आपण इतकं हसलो याची तिला लाज वाटते. मी म्हटलं, हसवलं मी. मग तिनं विचारलं की आता मी काय करणार. एक मस्त वाक्य सुचलं होतं, काका. अगदी तयार होतं. ते टाकलं असतं तर ती नक्की हसली असती, आणि मी थोडा वेळ अजून थांबलो असतो. मी म्हटलं, माहीत नाही. मी लेस बांधल्या, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

निमिष