शिवलीलाच्या गोगलगायी आणि आमचा फ्रिज

ती. शांताक्कांना, कळंबहून धाकट्या गुरुसिद्धप्पाचे शरणु शरणार्थी.

गुडघा कसा आहे? जळकोटात ऊन लई असंल, दुपारचं रानात जाऊ नका. (सांगून उपयोग न्हाय, ठाऊक आहे.)

पत्रास कारण, आमच्या फ्रिजमध्ये गोगलगायी राहायला आल्यात. शंखवाल्या न्हाईत; ओल्या विटेखाली असतात त्या, काळ्या, बिनशंखाच्या. आपल्या शिवलीलाचा एम.एस्सी.चा अभ्यास आहे. गोगलगायीच्या मेंदूतल्या काही मज्जापेशी म्हणे हार्मोन तयार करून अंगात सोडतात. गोगलगाय बरेच दिवस गारव्यात राहून त्याला सरावली, किंवा उबेला, तर त्या पेशींत काय फरक पडतो, ते पोरगी बघतीय. उबेतल्या कॉलेजात आहेत. तिथली गार पेटी बिघडली, म्हणून गारव्यातल्या आमच्या दह्याशेजारी. (फ्रिज अगदी मंद ठेवलाय, विहिरीतल्या गारव्याइतका. दही नासतं, पण बोलायची सोय न्हाय.)

परवा ती कॉलेजला गेली अन् इकडं लाईट गेली. मी डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवला आणि वारा घालत बसलो. घालता घालता माझाच डोळा लागला. उठून बघतो तर झाकण सरकलेलं! एक माठावर, एक माझ्या चपलेत, दोघी देवघरात बेलाच्या पानांवर. उचलावं तर बोटाला चिकटतात, सुटता सुटत न्हाईत. शेजारच्या नागम्मा धावत आल्या, "अण्णा, मीठ टाका, मीठ!" मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो, "खबरदार! त्या शिवलीलाच्या आहेत!" बिचाऱ्यांनी चमच्यानं सगळ्या गोळा करून दिल्या.

संध्याकाळी पोरीला खरं ते सांगितलं. ती रागवली न्हाय. म्हणाली, "पळालेल्यांना ऊब लागली, त्या सोडून देऊ, डब्यातल्या राहिलेल्यांवर भागेल." मग माझं भिजलेलं धोतर बघून विचारलं, "अप्पा, जेवलात का?" अक्का, अगदी तिच्या आईचा आवाज. मग दोघांनी मिळून त्या चौघींना पेरूखाली सोडलं.

बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
गुरुसिद्धप्पा

ता. क. : पुढल्या महिन्यात शिवलीला पुढच्या शिक्षणाला बेंगळूरला चालली. "एकटे राहाल ना?" म्हणली. मी म्हटलं, मजेत. तिला पटलं, मला न्हाय. तुम्ही आठ दिवस येऊन राहा.

आणखी ता. क. : आठ दिवस म्हणतोय, पण लुगडी जरा जास्तच आणा.