सभेत न झालेलं भाषण

अण्णा, सकाळपासून हे पत्र लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा दूध उतू जातंय असं वाटलं म्हणून, एकदा खाली गल्लीत भाजीवाला ओरडला म्हणून, आणि तिसऱ्यांदा उगाचच. नात म्हणाली, "आजी, इतकं काय लिहून राहिलीस? मोबाइलमधे बोल ना, अपने आप टाइप होऊन जाईल." तिला काय सांगू? तोंडाने बोलता आलं असतं तर तुम्ही होता तेव्हाच नसते का बोलले! तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. पण तुमची भोपाळची जागा माझ्यामुळे गेली, हे एक दिवसही मनातून जात नाही. ते कसं झालं हे आज तुम्हाला नीट सांगायचं आहे. त्यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक होतं, असं मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य झालं, आणि तुम्ही दरबारच्या दप्तरातून उठून विधानसभेच्या कचेरीत गेलात. अध्यक्षांच्या खुर्चीखालच्या टेबलाशी बसायचं आणि सभेचं कामकाज टिपायचं. त्या कामावर तुमचा इतका जीव, की आम्ही भावंडं भांडलो तरी तुम्ही विचारायचात, "आधी प्रस्ताव काय आहे ते सांगा." पण त्या राज्याच्या पायाला भिंगरी होती. उन्हाळा आला की सरकार इंदूरला, थंडी पडली की ग्वाल्हेरला, आणि सरकारच्या मागे आपण, वळकट्या आणि पितळी डबे घेऊन. इंदूरच्या शाळेत मी 'ग्वालियरवाली', आणि इथे परत आले की मुली म्हणायच्या, "लो, आ गई इंदौर से." बाकावरची माझी जागा दर वेळी दुसरीच कोणी घेतलेली असायची. त्यात बातमी आली की मध्यभारतही मोडणार, मोठं नवं राज्य होणार, आणि राजधानी भोपाळ. आई म्हणाली, "अहो, तिथे मोठा तलाव आहे म्हणतात, पण घरात नळ आहे का, ते कुणी पाहून आलंय?" तुम्ही हसलात. तुमचं मन केव्हाच भोपाळला जाऊन पोचलं होतं.

नव्या सभेच्या कचेरीसाठी माणसं निवडायला एक साहेब आले. इंग्लंडच्या जुन्या पार्लमेंट-सभेच्या कामकाजाचे जाड खंड त्यांच्याकडे होते, आणि त्यातला एकेक दिवस हिंदीत उतरवायला त्यांनी प्रत्येक उमेदवाराला दिला, आठवड्याची मुदत देऊन. तुमच्या वाट्याला सतराव्या शतकातला एक दिवस आला. तुम्ही तो खंड बाळंतपणाला आलेल्या लेकीसारखा सांभाळून घरी आणलात. मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं आहे. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही पाटावर बसून आम्हाला मराठीत सांगता आहात. सकाळी आठला प्रार्थना. एका नदीवरच्या पुलाच्या दुरुस्तीचं विधेयक, दुसरं वाचन, समितीकडे रवाना. कापडात खोट करणाऱ्यांविरुद्धचं विधेयक, पहिलं वाचन. एका सभासदाबद्दल वाईटसाईट बोलणाऱ्या माणसाला धरून आणलं, गुडघ्यांवर बसवलं, समज दिली, सोडून दिलं. एका सभासदाला गावी जायला रजा दिली. मग अंधारून आलं, तेव्हा मेणबत्त्या आणाव्यात की नाही यावर मत घेतलं, बाहेर जाणारे किती आणि आत बसलेले किती, ते मोजून. आई लाटणं थांबवून म्हणाली, "इश्श, मेणबत्तीला मतं? आमच्याकडे दिवा लावा म्हटलं तर एक उठत नाही!" तुम्ही मात्र रंगात आला होतात. "यांची रीत बघा," तुम्ही म्हणालात, "काय ठरलं तेवढंच लिहायचं. कोण काय बोललं हे लिहायची कारकुनाला सक्त मनाई. उद्या राजाने विचारलं, माझ्याविरुद्ध कोण बोललं, तर वहीत काही सापडायला नको." त्या अनोळखी कारकुनाचा तुम्हाला केवढा अभिमान! तुमचाच कुणी आतेभाऊ असावा तसा.

तुमचं अक्षर मोडीत वाढलेलं. नागरी लिहायला बसलात की मुंग्यांची रांग उधळल्यासारखी दिसायची. म्हणून सुवाच्य प्रत नेहमी मी काढायची. चौदा वर्षांची होते, अक्षर छान होतं, आणि तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवायचात. तीन दुपारी बसून मी तुमचा तो दिवस उतरवला. पूल उतरवला, कापड उतरवलं, गुडघ्यांवर बसलेला माणूस उतरवला. रजेपाशी आले आणि हात थांबला. मग त्याच शाईने, त्याच वळणाने, मी चार ओळी घातल्या. प्रत हिंदीत होती, पण मजकूर असा: सभासद उभे राहून म्हणाले, महोदय, दर वर्षी मी गाव सोडतो आणि परत येतो, तोवर माझी जागा राहिलेली नसते. माझी मुलं कोणत्याच गावची उरली नाहीत. आता आम्हाला एका ठिकाणी राहू द्यावं. एवढं लिहून मी पुढे मेणबत्त्यांवर गेले.

प्रत साहेबांना दिलीत त्या दिवशी तुम्ही ऊन असतानाच घरी आलात. जोडे काढता काढताच आईला सांगितलंत, "साहेब म्हणाले, 'ये भाषण मूल में कहाँ है?' मी म्हटलं, गलती मेरी है." आईला काही उमजलं नाही. मी दाराआड उभी. तुम्ही माझ्याकडे वळलात. आता ओरडणार, असं वाटलं. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "कामकाजात ठरलेलं लिहितात, बाळ. कुणाला काय वाटतं ते लिहीत नाहीत." मी म्हटलं, "फार रुक्ष होतं, म्हणून घातलं." सगळ्यांनी ते खरं मानलं. पुढे कित्येक वर्षं आई पाहुण्यांना सांगायची, आमच्या हिने हौसेने इंग्रजांच्या सभेत भाषण घुसवलं, आणि पाहुणे पोट धरून हसायचे. तुम्हीही थोडं हसायचात. सभा भोपाळला गेली. तुम्ही इथल्याच एका कचेरीच्या दप्तरखान्यात जुन्या कागदांच्या बस्त्यांची फडकी सोडत आणि बांधत निवृत्त झालात. वर्तमानपत्रात भोपाळच्या सभेची बातमी आली की चष्मा सरसावून म्हणायचात, "अहो, ही दुरुस्ती दुसऱ्या वाचनाला येतच नाही!" ऐकायला घरात कोणी नसायचं. मी असायचे, पण न ऐकल्यासारखं करायचे.

मग तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी सिटी सेंटरला बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते, तर तिथे तुमच्या कचेरीतले ते हजीऱ्याला राहणारे काका भेटले, वयाने तुमच्याहून पुष्कळ लहान. दोघंही जिवंत असल्याचा कागद हातात धरून बाकावर बसलो. तुमचा विषय निघाला. मी नेहमीसारखं म्हटलं, माझ्या त्या भाषणाने अण्णांची जागा गेली. ते चकित होऊन म्हणाले, "कोण म्हणालं तुला? मी तिथेच तर होतो ना. साहेबांनी कागद परत दिले. म्हणाले, कल दूसरी प्रति ले आइए, आप जैसा आदमी चाहिए हमें. तुझ्या अण्णांनी त्या चार ओळी दोनदा वाचल्या. मग तेच म्हणाले, ज़रूरत नहीं साहब, मैं ग्वालियर में ही ठीक हूँ. आणि तिथेच नकार लिहून सही करून दिली." त्यांचा नंबर पुकारला आणि ते उठून गेले.

तेव्हापासून मी तुमच्यावर रागावले आहे, अण्णा. हो, तुमच्यावर. सांगितलं का नाहीत? एका शब्दाने तरी. आयुष्यभर मी समजत होते की एका खोडसाळ पोरीने तुमचं नुकसान केलं, आणि ते ओझं मी कसंबसं उचललं होतं. पण तुम्ही आपण होऊन जागा सोडलीत, त्या चार ओळींत तुम्हाला लेकीची विनवणी ऐकू आली म्हणून सोडलीत, हे ओझं मला पेलत नाही. शाळा याच गावात पुरी झाली, लग्न याच गावात, नोकरीही. मागितलं ते सगळं मिळालं. ते कुणाच्या वाटणीतून आलं हे कळल्यापासून मी अशी उठते, बसते, खिडकीशी जाते, परत येते. पत्र लिहायला घेते आणि फाडते.

हे पत्रही कुठे जायचं नाही, म्हणून राहिलेलं लिहून टाकते. रुक्ष वाटलं म्हणून घातलं, हे खोटं होतं. आणि तुम्ही समजलात तसली विनवणीही ती नव्हती. शब्द माझ्या मनातले उतरले, ते आपोआप. पण त्या ओळी तुम्ही वाचाव्यात म्हणून मी लिहिल्याच नव्हत्या. माझी प्रत तुम्ही कधी तपासत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या साहेबांनी वाचाव्यात आणि तुम्हाला नाही म्हणावं, एवढ्यासाठीच लिहिल्या. त्या संध्याकाळी तुम्ही अर्ध्या जेवणावरून उठलात. आई तुमच्या मागे गेली. मी पानावर बसून राहिले, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.