अ‍ॅरिस्टॉटल, अरब आणि आमची मैथिली

३ ऑगस्ट, रविवार
जेवताना मैथिलीने जाहीर केलं की बँकेने देऊ केलेली नोकरी ती घेणार नाही. पीएचडी करणार. विषय काय, तर हजार वर्षांपूर्वीच्या अरब पंडितांनी ग्रीकांचा अ‍ॅरिस्टॉटल कसा वाचला. मी शांतपणे विचारलं, याचा उपयोग काय. माझी बायको रेखा म्हणते, इतक्या शांतपणे की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. मैथिली म्हणाली, "बाबा, आय अ‍ॅम नॉट आस्किंग." उरलेला भात डब्यात भरून इथल्याच, सिडनीतल्या न्यूटाउनच्या भाड्याच्या खोलीवर निघून गेली.

संकल्प: आता भांडायचं नाही. तो विषयच वाचून काढायचा आणि त्यातल्या चुका तिच्यासमोर मांडायच्या. अर्धं आयुष्य सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेलं. ज्यात चूक नाही असं काही अजून हाताखालून गेलेलं नाही. दोन आठवडे पुरे.

५ ऑगस्ट, मंगळवार
लायब्ररीतून चार जाड पुस्तकं आणली. सकाळी ऑफिसला जाताना वेंटवर्थव्हिलला ट्रेनमध्ये चढताच सुरुवात केली. इब्न सीना नावाचा पंडित म्हणतो, समजा एक माणूस हवेत अधांतरी आहे. त्याला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, स्वतःचे हातपायही जाणवत नाहीत. तरी आपण आहोत हे त्याला कळेलच. म्हणजे आत्मा शरीराहून वेगळा. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये रोज असाच असतो. त्यासाठी हजार वर्षं मागे जायची गरज नाही.

सेंट्रल स्टेशनला उतरायचं राहिलं. डोळा लागला होता. पुस्तकाचा दोष.

९ ऑगस्ट, शनिवार
चूक सापडली. इब्न रुश्द. स्पेनमध्ये बसून जन्मभर अ‍ॅरिस्टॉटलवर भाष्यं लिहिली, आणि ग्रीकचं एक अक्षर येत नव्हतं. हातात अरबी भाषांतर, त्यातलं बरंचसं ग्रीकमधून सिरियाक नावाच्या जुन्या भाषेत, तिथून अरबीत असं आलेलं. नाटक पाहिलेलं नाही, म्हणून शोकांतिका म्हणजे कुणाची तरी स्तुती आणि विनोदी नाटक म्हणजे निंदा असं समजून बसला. आमच्या टीममधल्या पोराने असा रिपोर्ट दिला असता तर मी त्याच्या अंगावर फेकला असता.

रेखाला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, तू तरी कुठे अरबीत वाचतोयस. मी म्हटलं, ती गोष्ट वेगळी. कशी वेगळी हे तिने विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

यतिनला फोन केला. कॉलेजपासूनचा मित्र, ब्लॅकटाउनला असतो, आपल्या बाजूने बोलेल वाटलं. म्हणाला, "मेट, पोरगी खूश आहे ना? मग?" यतिनला आता महिनाभर फोन करायचा नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
सगळ्यात मोठी चूक आज सापडली. अरबांकडे अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर एक ग्रंथ होता. शतकानुशतकं त्यावर डोकी शिणवली. तो अ‍ॅरिस्टॉटलचा नव्हताच. पाचेकशे वर्षांनी झालेल्या प्लोटायनस नावाच्या भलत्याच माणसाचा. पायाच खोटा. यावर पीएचडी.

पुढच्या शुक्रवारी तिचं युनिव्हर्सिटीत सेमिनार आहे, हे रेखाकडून कळलं. तिला स्वतः मला सांगावंसं वाटलं नाही. निरोप असा की बाबांना यायचं तर येऊ दे, पण प्रश्न विचारायचे नाहीत. तत्त्वज्ञानात प्रश्नांना बंदी. डोकं तडकलं. प्रश्न विचारणारच.

१७ ऑगस्ट, रविवार
मैथिली जेवायला आली. अळूवड्या होत्या. मी सहज म्हटलं, तुझा तो फाराबी पंडित प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल एकच सांगतात हे सिद्ध करायला निघाला होता, म्हणजे सगळ्यांचं मिटवून टाकणारा आपला यतिनच की. ती इतकी हसली की ठसका लागला. मग विचारलं, "बाबा, तुम्ही कुठलं ट्रान्सलेशन वाचताय?" कागद काढून मला काहीबाही आकृत्या काढून दाखवल्या. आत्मा, बुद्धी, वरची बुद्धी. संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. भांडायचं राहूनच गेलं.

ती गेल्यावर स्वतःचाच राग आला. हा तिचा डाव होता. शुक्रवारी गाफील राहायचं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
हाफ डे टाकला. रेखाबरोबर पुढच्या रांगेत बसलो. मैथिलीने पहिलंच वाक्य उच्चारलं: हा ग्रंथ अ‍ॅरिस्टॉटलचा नाही हे आज सगळ्यांना माहीत आहे, माझा प्रश्न असा की चुकीच्या नावाखाली वाचताना त्या लोकांनी नवीन काय उभं केलं.

माझा प्रश्न तिथेच संपला. पण तयारी केली होती. शेवटी हात वर केला आणि पूर्ण विचारला. पायाच खोटा असेल तर यावर वर्षं कशाला घालवायची, हेही जोडलं. आवाज थोडा चढला असेल. मागे कुणीतरी हसलं. मैथिलीने समोरचे कागद मिटले. मग सगळ्यांसमोर मराठीत म्हणाली, "बाबा, ते मी सुरुवातीलाच सांगितलं. तुम्ही ऐकत नव्हता."

तिचा प्रोफेसर म्हणाला, "नो वरीज, ग्रेट क्वेश्चन." त्या माणसाचा सगळ्यात जास्त राग आला.

एकंदरीत मुद्दा पोचला. परतताना रेखा गाडीत खिडकीकडे तोंड करून डोळे मिटून बसली. थकली असेल.

२४ ऑगस्ट, रविवार
मैथिली जेवायला आली नाही. रेखाला विचारलं, तेव्हा कळलं. जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीत पीएचडीची जागा तिला केव्हाच मिळाली होती. होकार द्यायचा ती टाळत होती. मागच्या रविवारी घरून जाताना आईला म्हणाली होती की इथेच सिडनीत करीन बहुतेक, आता बाबांशी बोलता येतंय. शुक्रवारी सेमिनारनंतर तिने होकार कळवून टाकला. ऑक्टोबरात जाणार.

मी म्हटलं, हे मला आधी का नाही सांगितलं. रेखा म्हणाली, सांगून तू काय केलं असतंस? मी उठून फोन शोधला.

मैथिलीला मेसेज लिहायला घेतला. इब्न रुश्दबद्दल मी जरा घाई केली, असं काहीतरी. बराच लांब झाला. पुसला. "तिकडे थंडी फार असते" एवढंच पाठवलं.

तिचं उत्तर आलं, "आय नो, बाबा."

आज राग कुणावर धरायचा ते ठरत नाहीये.