वेटिंग रूममधला भोवरा

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? शेक घेतेस की नुसती पिशवी शेजारी ठेवून वाचत बसतेस, ते खरं कळव. इकडे आम्ही ठीक, म्हणजे अजून उभे आहोत. ह्यांचा खोकला गेला आणि माझी मान धरली. (दातांच्या डॉक्टरची मान कधी ना कधी धरतेच. तू सुचवलेली उशी आणली होती, ती भाऊजींनी पाइपाखाली टेकू म्हणून लावली आहे.) तर लिहायचं आहे ते भाऊजींबद्दलच. फोनवर बोलता येत नाही, कारण मी घरी असले की ते घरी असतात आणि मी दवाखान्यात असले की दवाखान्यात.

"दोन दिवस राहतो," म्हणत तुझा नवरा दारात उभा राहिला तेव्हा मी काही विचारलं नाही. तुमचं वाजलंय हे बॅगेवरूनच कळलं. टॉवेल विसरला होता, पाना-पकड आणली होती. पहिला दिवस त्यांनी पेपर वाचला. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर दवाखान्यात आले आणि वेटिंग रूममध्ये पेशंटांच्या रांगेत बसून राहिले. दवाखाना बंद करताना म्हणाले, "तुझी माणसं आत येण्याआधीच अर्धमेली होतात. समोर कोरी भिंत, आतून ड्रिलचा आवाज. बघायला काहीतरी हलतं पाहिजे." मासे मी ठेवून पाहिले होते. ते एकेक करून पेशंटांच्या डोळ्यांदेखत उलटे तरंगायला लागले, तेव्हा टाकी काढली. भाऊजी म्हणाले, मासे नकोत, नुसतं पाणी. उभ्या पारदर्शक नळकांड्यात गरगरणारं, आणि मधोमध वरून खाली उतरणारा भोवरा. मी दमले होते, हो म्हटलं. (दमलेल्या माणसाने कशालाच हो म्हणू नये, हे मी आता पेशंटांनाही सांगते.)

बाजारातून तयार पंप आणला असता तर हे पत्र इथेच संपलं असतं. पण त्या पंपाला पाती असतात, पाती पाण्याला झोडपतात, आणि झोडपलेलं पाणी ओरडतं, असं भाऊजींचं म्हणणं. जन्मभर पंपाच्या कारखान्यात तो आवाज ऐकलेल्या माणसाशी मी काय वाद घालणार? त्यांना बिनपात्याचा पंप करायचा होता. एका दांड्यावर गुळगुळीत चकत्या ओवायच्या, दोन चकत्यांमध्ये नखाएवढी फट ठेवायची. चकत्या फिरल्या की पाणी त्यांना चिकटून फिरायला लागतं आणि फिरत फिरत कडेने बाहेर पडतं. हे त्यांनी जेवायच्या टेबलावर ताटल्या एकावर एक धरून समजावलं, आणि तोवर सगळ्यांची जेवणं थांबली. ह्यांनी तेवढ्यात विचारलं, "पण पाती नाहीत तर पाणी ढकलणार कोण?" झालं. भाऊजींनी ह्यांच्याशी बोलणं सोडलं आणि दुसऱ्या दिवशी ह्यांच्या जुन्या गाण्यांच्या सीडी कपाटातून नाहीशा झाल्या. चकत्या गुळगुळीत लागतात ना. ह्यांनी अजून ते कपाट उघडलेलं नाही. तू विषय काढू नकोस.

पंप खरोखरच मुका निघाला. मोटर मात्र माझ्या मिक्सरची होती. पहिल्या चाचणीच्या वेळी खुर्चीत एक निवृत्त हेडमास्तर होते. इंजेक्शन देऊन झालं होतं, गालात कापूस होता, मी अजून ड्रिलला हातही लावला नव्हता. बाहेरून ती किंकाळी आली. हेडमास्तर शांतपणे उठले आणि गळ्यातल्या कागदी फडक्यासकट घरी गेले. नंतर त्यांचा फोन आला, पण बधिर जिभेने ते काय बोलले ते आम्हाला कळलं नाही, आणि ते बरंच झालं.

मग शिलाई मशीनची मोटर आली. ती गरीब निघाली, पण नळकांड्याचा बुडाचा जोड सुटला. पेशंटांच्या चपला एकमेकींना धडकत कोपऱ्यात जमल्या. काउंटरवरची बाई स्टुलावर उभी राहून फोनवर कुणाला तरी सांगत होती, "या ना, डॉक्टर आहेत, पण जरा जुनी चप्पल घालून या." खालचा चष्म्याचा दुकानदार छत गळतंय म्हणून भांडायला वर आला आणि जेवायच्या वेळेपर्यंत भाऊजींच्या शेजारी ओणवा होऊन जोडाला गोंद लावत होता. मी फरशी पुसली. मान तेव्हाच धरली.

आता तो भोवरा चालतो, ताई. सुंदर आहे, हे कबूल करायला माझ्या जिवावर येतं. हेडमास्तर परत आले, आणि त्यांचा नंबर आला तेव्हा म्हणाले, "तुम्ही पुढच्याला घ्या, मी बसतो." दात न दुखणारी माणसंही येऊन बसतात. भोवऱ्याचं शेपूट कधी कधी लांबत जाऊन बुडाचं भोक गाठतं, हवा गिळतं, आणि मग माझ्या थुंकी ओढायच्या नळीसारखा हुबेहूब आवाज येतो. तेवढं होऊ नये म्हणून भाऊजी दिवसभर शेजारी बसून कॉक कणभर इकडे, कणभर तिकडे करतात.

परवा मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "आता घरी नाही का जायचं?"

ते पाण्याकडेच बघत होते. "तिने पाहुण्यांसमोर म्हटलं, यांना काय, आता काही काम नाही. खोटं नव्हतं ते. म्हणून तर लागलं."

मी बशी त्यांच्यापुढे सरकवली. मग त्यांनीच विचारलं, "कंबर कशी आहे म्हणे तिची?" (मी सांगितलं, विचारून कळवते. वरचा प्रश्न म्हणूनच लिहिलाय.)

बाकी ठीक. तब्येत सांभाळ.

तुझी,
धाकटी

ता. क. भाऊजींना घेऊन जा, असं मी म्हणत नाही. पण तुझ्या दाढेवरची टोपी बघायला हवी, हे मी वर्षभर सांगते आहे. ये. बाहेर थोडा वेळ बसावं लागेल, कारण इथे सगळ्यांनाच बसावं लागतं.

ता. क. २. भोवरा मात्र इथेच राहील. हेडमास्तर सोडणार नाहीत.

ता. क. ३. पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून अक्षर बदललं आहे. चिकटवण्याआधी वाचलं. सीडींबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे, बाकी थोडं वाढवून सांगितलंय. दाढ दुखत नसली तरी ये. टॉवेल घेऊन ये, माझा तिकडेच राहिला.